धुक्यात सुटलेला घोडा

पागेत तिला सगळे चिमणी म्हणत. अंगानं हलकी, हाडं बारीक, आणि एकदा बोलायला लागली की तिचा चिवचिवाट थांबत नसे. शर्यतीच्या घोड्यांवर बसून त्यांना रोज सकाळी ट्रॅकवर पळवून आणायचं, हे तिचं काम. लग्नाआधीपासून ती तेच करत होती. तिचा थोरला भाऊ, दादा, त्याच पागेतला मुख्य रायडर. वहिनी तिथेच मोतद्दार. घोड्यांचा खरारा, खाणंपिणं, पाय धुऊन पट्ट्या बांधणं, सगळं तिच्याकडे. आणि चिमणीचा नवरा नालबंद. "आपल्या घरात एकही घोडा नाही, पण घर चालतं ते घोड्याच्या मर्जीनं," असं दादा म्हणायचा.

गेल्या थंडीत भर वेगात असताना चिमणीच्या खालचा घोडा मोडला. पुढच्या पायाचं हाड गेलं. तिनं आवाज आधी ऐकला आणि मग एकदम आभाळच पाहिलं. तिचं गळ्याजवळचं हाड तुटलं होतं. घोड्याभोवती माणसांनी कापडी पडदा धरला होता आणि त्या पडद्याखालून त्याचे चार खूर दिसत होते. जनावरांच्या डॉक्टरांनी सुई टोचली आणि थोड्या वेळानं ते हलायचे थांबले.

हाड जुळलं. डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि ती परत कामावर आली. सगळ्यांनी पाठ थोपटली. दादा तर येईल त्याला सांगत सुटला, "आमची चिमणी म्हणजे पोलादाची आहे."

पोलादाची चिमणी रोज सकाळी पागेमागच्या संडासात जाऊन ओकायची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडायची. मग तोंड धुवून, पेपरमिंटची गोळी तोंडात टाकून, हेल्मेटचा पट्टा आवळत बाहेर यायची. पट्टा पहिल्या फटक्यात कधी लागायचा नाही. बोटंच तिची राहायची नाहीत.

हे कुणालाच माहीत नव्हतं. पण वहिनीनं एकदा ऐकलं. ती बादली घेऊन दाराबाहेर उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"काय गं, काही गोड बातमी?"

"छे हो वहिनी. पित्त आहे."

"रोज सकाळी पित्त? मलाही झालं होतं तसलं पित्त. आता शाळेत जातंय."

चिमणी हसली. नाही कसं म्हणायचं आणि नाही म्हटल्यावर पुढे काय सांगायचं, हे तिला सुचेना. त्या दिवसापासून वहिनी तिच्या हातातली जड बादली काढून घ्यायला लागली. चिमणीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिच्याकडे बसायला दिलेली घोडी होती कवडी. दोन वर्षांची, तांबूस, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. आई शर्यतींत गाजलेली, बाप त्याहून गाजलेला, त्यामुळे सगळ्यांचे डोळे तिच्यावर. पण रक्त मोठं असलं तरी काळीज सशाचं. ढकलगाडीला बुजायची, वाऱ्यानं उडालेल्या पिशवीला बुजायची, एकदा तर स्वतःच्याच शिंकेला बुजली होती. तिच्या पायांची हाडं अजून कोवळी होती, म्हणून साहेबांना, म्हणजे ट्रेनरना, तिच्या पाठीवर हलकंच माणूस हवं होतं. चिमणीइतकं हलकं पागेत कोणी नव्हतं.

"घोड्याला शिकवावं लागत नाही," लहानपणी दादानं तिला सांगितलं होतं, "तुझ्या हातात जे असेल ते लगामातून त्याच्या तोंडात जातं." आता चिमणीच्या हातात काय होतं ते चिमणीलाच ठाऊक. ट्रॅकवरून परत आली की कवडीच्या मानेवर साबणासारखा फेस असायचा. वहिनी तिला धुताना म्हणायची, "हिला हल्ली एवढा घाम का सुटतो कळत नाही. पळते तर बेताचीच." चिमणी कवडीचे गुडघे, घोटे हातानं चाचपत राहायची. कुठे गरम लागतंय का, कुठे सूज आहे का. ते थंड लागले की तिचा जीव भांड्यात पडायचा, उद्या सकाळपर्यंत.

त्या सकाळी धुकं होतं. पागेच्या दारातून समोरचं खताचा ढीगसुद्धा दिसत नव्हतं. घोड्यांच्या नाकातून वाफा निघून त्यातच मिसळत होत्या. साहेब हाताची घडी घालून उभे होते. कवडीची पहिली शर्यत जवळ आली होती आणि त्याआधी तिला एकदा पूर्ण वेगानं पळवणं भाग होतं.

"थांबू या का थोडं?" साहेब म्हणाले.

चिमणी मनातल्या मनात म्हणाली, थांबा. देवा, थांबा म्हणू दे यांना.

"उजाडलं की विरेल," दादा म्हणाला. तो पहिलवानवर बसला होता. पहिलवान म्हणजे पागेतला सगळ्यात थोराड घोडा, काळा, जुना जाणता. "मी पुढे राहतो साहेब. ही माझ्या मागं मागं येईल. काय गं?"

"हो," चिमणी म्हणाली.

नवरा एका घोड्याचा खूर मांडीवर घेऊन कानशीनं घासत होता. तिच्याकडे बघून म्हणाला, "तोंड का असं पांढरं?"

"थंडी आहे."

"मी पाय बघणारा माणूस. तोंडातलं मला कळत नाही," तो हसला आणि परत खाली वाकला. तिला वाटलं, खाली उतरावं आणि त्याच्या त्या चामड्याच्या एप्रनमागे जाऊन लपावं.

ट्रॅकवर आल्यावर धुकं जास्तच दाट झालं. आतल्या बाजूचं पांढरं रेलिंग थोडंसं दिसायचं आणि मग पुसल्यासारखं व्हायचं. बाहेरचं रेलिंग दिसतच नव्हतं. आधी दुडक्या चालीनं, मग हलक्या धावेत दोघं शेजारी शेजारी निघाले. पहिलवानचा श्वास संथ होता. कवडीचा तुटक.

"सोड गं जरा तिला!" दादा ओरडला. "गळा दाबून ठेवलायस पोरीचा!"

चिमणीनं सोडायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात. पुढे काय आहे ते दिसत नाही, तिथे वेगानं जायचं, हे तिच्या अंगाला पटतच नव्हतं. तिनं लगाम उलट आणखी आवळला. कवडीनं डोकं वर फेकलं आणि चाल तोडली. पहिलवान पुढे गेला. आधी त्याची शेपटी दिसत होती, मग दादाची निळी टोपी, मग काहीच नाही. नुसता टापांचा आवाज, आणि तोही लांब लांब जाणारा.

मग पुढे कुठेतरी फडफडाट झाला. पाखरांचा मोठा थवा ट्रॅकवर बसलेला असावा, तो एकदम उठला. पाखरं तिच्या डोक्यावरून गेली तेव्हा तिनं मान खाली घातली. त्या आवाजातच काहीतरी रेलिंगवर आपटलं. आणि टापांचा ताल बदलला. घोड्यावर माणूस असतो तेव्हा टापा बांधलेल्या असतात. या आता मोकळ्या, सैरभैर होत्या.

"दादा?"

तिनं कवडीला चालवत पुढे आणलं. टापांवरून पहिलवान पुढे, ट्रॅकच्या वळणावरून लांब पळाल्याचं कळत होतं. आणि तेवढ्यात मनोऱ्यावरचा भोंगा वाजायला लागला. त्या भोंग्याचा अर्थ पागेतल्या प्रत्येकाला झोपेतही कळतो: घोडा सुटलाय. जो जिथे असेल त्यानं बाहेरच्या रेलिंगला जायचं, उभं राहायचं, हलायचं नाही. मनोऱ्यावरच्या माणसाचा आवाज भोंग्यातून फाटत फाटत आला. पहिलवान दारापाशी अडवला, पण तो मागे फिरला आहे. उलट्या दिशेनं येतोय. बाहेर व्हा. सगळे बाहेर व्हा.

ट्रॅकवर सगळे एका दिशेनं पळतात म्हणून जीव सुखरूप असतात. उलटा येणारा घोडा म्हणजे, विशेषतः धुक्यात, समोरून सुटलेला दगडच. चिमणीनं विचार केलाच नाही. तिनं कवडीचं तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं. तिला फक्त त्या रेलिंगला पाठ लावायची होती.

"चिमणे!"

आवाज खालून आला. आतल्या रेलिंगपाशी, जमिनीवरून. दादा उताणा पडला होता. टोपी निघाली होती, एक पाय भलत्याच बाजूला वळला होता. घोडे पळतात त्या ऐन वाटेवर तो पडला होता.

"रेलिंगखालून पलीकडे सरक, दादा! पहिलवान उलटा येतोय!"

"सरकता येत नाही. कमरेखाली काही हलत नाही गं." त्यानं कोपरावर जोर दिला आणि तो ओरडला. असा आवाज तिनं त्याच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.

आता टापा ऐकू यायला लागल्या. लांब होत्या. धुक्यात त्या समोरून येतायत का डावीकडून, हे कळत नव्हतं. सगळीकडूनच येत होत्या. कवडी जागच्या जागी गोल फिरली. तिचे कान पुढे मागे, पुढे मागे. चिमणीला कळत होतं की उतरून दादाला ओढत न्यायला हवं. पण मोडलेलं माणूस ओढायला दोघं लागतात, आणि ती उतरली की कवडी पळणार, मग दोन घोडे सुटणार. आणि कळत होतं की वर बसून राहिलं तर काही उपयोग नाही. आणि सगळ्याच्या वर एकच गोष्ट कळत होती: बाहेरचं रेलिंग जवळ आहे. चार ढांगांवर आहे. कुणीही तिला दोष देणार नाही. नियमच तसा आहे.

तिनं कवडीला एक पाऊल बाहेरच्या बाजूला टाकू दिलं.

"जाऊ नकोस," दादा म्हणाला. मग लहान मुलासारखा रडायलाच लागला. "मला सोडून जाऊ नकोस गं. चिमणे. तुझ्या पाया पडतो, जाऊ नकोस."

ती थांबली. तिच्या अंगात कुठून बळ आलं वगैरे काही नाही. बळ आलंच नाही. तिच्या मांड्यांना ओलं गरम काहीतरी लागत होतं, ते काय आहे ते तिला नंतर कळलं. पण तो रडत होता, आणि तो रडत असताना तिला पुढचं पाऊल टाकता आलं नाही. तिनं कवडीला मागे वळवलं आणि त्याच्या पुढ्यात आडवी उभी केली. पहिलवानला माणूस दिसला नाही तरी घोडा दिसेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

कवडी उभी राहीना. ती थरथरत होती, मागे सरत होती, आणि तिचे मागचे खूर दादाच्या डोक्याजवळ पडत होते.

"हो गं बाई, हो. उभी राहा. हे बघ, मी काय सांगते," चिमणी बोलायला लागली. आवाज तिचा नव्हताच, किरटा, चिरका कुणाचातरी होता. "घरी गेल्यावर चादरी धुवायच्यात. मोजे वाळत घातलेत तेही काढायचेत. ह्यांचा एक मोजा नेहमी हरवतो, कुठे जातो कोण जाणे, पायात दोन घालून जातात आणि येताना एकच. उभी राहा माझी बाई. नळ गळतोय मोरीतला. सांगितलंय त्यांना. घोड्याच्या पायात खिळे ठोकतात, पण घरात एक खिळा ठोकायचा म्हटलं की..."

बोलता बोलता तिची बोटं उघडली. तिनं उघडली नाहीत. बोलायला श्वास लागतो, तेवढ्यानं उघडली असावीत. कवडीनं मान थोडी खाली घेतली. एक कान बोलण्याकडे लावला.

आणि मग टापांच्या आधी फुरफुर ऐकू आली. धुक्यातून काळं काहीतरी निघालं, आणि ते आधी खूप लहान होतं आणि लगेच खूप मोठं झालं. पहिलवान. लगाम तुटून लोंबत होता, खोगीर घसरून पोटाखाली आलं होतं आणि ते पायांना लागत असल्यानं तो पिसाळल्यासारखा पळत होता. डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. चिमणी किंचाळली. काय किंचाळली ते तिला आठवत नाही. पहिलवानला कवडी दिसली. त्यानं चारही पाय मातीत रोवले, घसरत आला, वळायला बघितलं, आणि वळता वळता त्याचा खांदा कवडीच्या मागच्या अंगावर आदळला. कवडी गुडघ्यांवर गेली. चिमणीनं डोळे मिटून तिच्या मानेला मिठी मारली. आता मोडणार. आता तो आवाज येणार. ती त्या आवाजाची वाट बघत राहिली.

तो आला नाही. कवडी धडपडत उठली, चारी पायांवर. पहिलवान पुढे गेला, थोडं पळाला, थांबला. मग खिंकाळला आणि चालत परत आला. शेवटी कळपाचंच जनावर ते. एकटं पळून पळून त्याचीही पाचावर धारण बसली होती. तो येऊन कवडीच्या मानेला नाक लावून उभा राहिला. दोघंही धापा टाकत होते. दादाच्या कानाशेजारी मातीत एक खोल खूर उमटलेला होता.

त्यानंतर माणसं आली. साहेब धावत आले, त्यांची चप्पल कुठेतरी मागेच राहिली होती. अँब्युलन्स आली. वहिनी आली ती दादाजवळ बसली आणि त्याच्या तोंडावरून नुसता हात फिरवत राहिली. नवऱ्यानं चिमणीला खाली उतरवलं. तिची बोटं आता कवडीच्या आयाळीतून सुटेनात, ती त्यानं एकेक करून सोडवली. मग तो खाली बसला आणि आधी कवडीचे पाय चाचपले, चारही. "ठीक आहेत," तो म्हणाला. मग वर बघून, "आणि तू?" तिनं मान हलवली. त्यानं आपला जाड एप्रन सोडला आणि तिच्या कमरेला गुंडाळला, म्हणजे ओली पँट कुणाला दिसू नये. तेव्हा तिला रडू फुटलं.

दादाचं कमरेचं हाड मोडलं होतं. पायाला संवेदना होती, डॉक्टर म्हणाले, चालेल, पण वेळ लागेल. दवाखान्यात येणाऱ्या जाणाऱ्यांची रीघ लागली, आणि दादा पडल्या पडल्या प्रत्येकाला हकिगत सांगायचा.

"मी बोंबलतोय, जा म्हणून, बाहेर जा! पण ही ऐकते का? लहानपणापासून हट्टी."

सगळे चिमणीकडे कौतुकानं बघायचे. ती खिडकीतून बाहेर बघायची.

एका दुपारी वहिनी डबे धुवायला गेली आणि दोघंच राहिले. दादा छताकडे बघत होता.

"तू सांगितलंस का कुणाला?"

"काय?"

"मी काय म्हणालो ते. तेव्हा."

"नाही."

"नवऱ्याला?"

"कुणालाच नाही."

त्याच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी निघून कानात गेलं. पुसायचंही त्याला सुचलं नाही, म्हणून तिनं पुसलं.

"दादा, मी रोज सकाळी ओकते," ती म्हणाली.

"हो, तुझी वहिनी सांगत होती, गोड बातमी..."

"गोड बातमी नाही. भीती आहे. तो घोडा मोडला तेव्हापासून. रोज. त्या दिवशी मी लगाम ओढून मागं राहिले ती भीतीनंच."

तिला वाटलं आता तो चिडेल. पोलादाची चिमणी म्हणून त्यानं गावभर सांगितलं होतं. तो मान वळवून तिच्याकडे बघत राहिला.

"आणि तरी बसायचीस?"

"बसायचे. आता नाही बसणार. वेगात तर नाहीच."

"साहेबांना मी सांगतो."

"नको. माझं मीच सांगते."

तिनं जाऊन सगळं सांगितलं. साहेब आधी वैतागले. ऐन शर्यतीच्या तोंडावर हलका रायडर कुठून आणायचा, म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "मला आधी सांगायचंस गं. धुक्यात मी पाठवलंच नसतं. खरं म्हणजे कुणालाच पाठवायला नको होतं." त्या दिवसापासून धुकं असलं की त्यांच्या पागेचा एकही घोडा बाहेर पडला नाही, शर्यत कितीही जवळ असो. कवडीवर दुसऱ्या पागेतली एक मुलगी बसायला लागली. पहिल्या शर्यतीत कवडी शेवटून दुसरी आली. वहिनीला त्याचं काही वाटलं नाही. "चारी पायांवर परत आली ना? बस," ती म्हणाली.

चिमणी आता पैदाशीच्या फार्मवर काम करते. वर्ष दीड वर्षाची, पाठीवर कधी काही न घेतलेली शिंगरं तिच्याकडे येतात. त्यांच्या पाठीवर आधी नुसतं फडकं टाकायचं, मग पट्टा, मग एके दिवशी त्यांच्या ठाणातच, खाली गवत अंथरून, आपणच त्यांच्या पाठीवर पोटानं आडवं पडून बघायचं. काही शिंगरं थरथरतात. ती त्यांच्या कानाशी चादरी, मोजे, गळता नळ असं काहीबाही बोलत राहते. ओकणं थांबलं आहे, पण धुकं पडलं की ती अजूनही अंथरुणातून उठत नाही. नवरा चहा करतो आणि पांघरुणाबाहेर फक्त कप ठेवून जातो.

दादा काठी घेऊन चालायला लागला तेव्हा उन्हाळा आला होता. एका सकाळी तो फार्मवर आला. त्याच्याबरोबर पागेतलं म्हातारं तट्टू होतं, पोरासोरांना बसवतात ते, कुणालाही न बुजणारं. त्यानं सोबत आलेल्या मोतद्दाराला काहीतरी निमित्त काढून पाणी आणायला लांबच्या हौदावर पाठवलं. मग काठी कुंपणाला टेकवली.

"जरा तोंड धर त्याचं," तो चिमणीला म्हणाला.

तिनं तट्टूचा लगाम हनुवटीखाली धरला. दादानं खोगीरावर हात ठेवला. तो तसाच उभा राहिला, एक पाय रिकिबीत, एक जमिनीवर, ओठ घट्ट मिटून. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. तट्टूच्या कपाळावरचे केस नीट करत राहिली. मग खोगीर करकरलं आणि तो वर बसला. तट्टूनं एक जांभई दिली.

"सोडू?" तिनं विचारलं.

"नको," दादा म्हणाला. "धरून ठेव अजून."

तिनं धरून ठेवलं.